आधी कुणाकडे आलं

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळ.

जे घडलं ते क्रमाने.

१. शनिवारी फलकने आयफोन घेतला. फलक माझी रूममेट. ती सातपूरला टूलरूममध्ये डिझाइनला आहे, मी अंबडला क्वालिटीत. नाशिकला सिडकोत, घरमालकीण वत्सलाकाकूंच्या वरच्या मजल्यावर आम्ही तीन वर्षं एकत्र राहतो.
२. काल दुपारी तिने मालेगावला घरी व्हिडिओ कॉल लावला. समोर तिचे अब्बू इसाकचाचा आणि अम्मी खातूनबी.
३. फोटोतल्या माणसावर बोट दाबून धरलं की माणूस मागच्या चित्रातून सुटा होतो, अशी सोय तिच्या फोनमध्ये आहे. तिने चाचांना यंत्रमागाच्या शेडमधून उचललं, समुद्रकिनाऱ्यावर ठेवलं आणि तो फोटो त्यांना पाठवला. चाचा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.
४. मी कॅमेऱ्यासमोर येऊन सांगितलं की यात नवीन काही नाही, हे अँड्रॉइडवर आधीच आलेलं आहे. चाचा, तुमच्याही फोनमध्ये आहे.
५. आज सकाळी चाचा मोबाइलच्या दुकानात गेले. फोन बिघडलाय, एक सोय चालत नाही, मुलीच्या इंजिनियर मैत्रिणीने सांगितलंय, असं म्हणाले. दुकानातली पोरं हसली. एकाने विचारलं, चाचा, आप को भी काट के समंदर पे रख दें क्या?
६. संध्याकाळी फलकने सांगितलं की महिनाअखेरीस ती खोली सोडून सातपूरला कंपनीजवळ राहायला जाणार.

पाच आणि सहा यांच्यात मला कार्यकारणसंबंध दिसत नाही. मी प्लॅटफॉर्मविषयी बोलले होते. चाचांच्या हँडसेटविषयी नाही.

ती गेली तर मोठा फरक पडेल असं नाही. नवीन रूममेट शोधणं हे एक जादा काम. शिवाय सकाळचा चहा ती करते. पण चहा मलाही येतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

ऑफिसमध्ये एखादी तक्रार आली की मूळ कारण सापडावं म्हणून आम्ही पाच वेळा 'का' विचारतो. इथेही तीच पद्धत वापरली.

फलक का जातेय? रागावली म्हणून.
का रागावली? माझा मुद्दा पटला नाही म्हणून.
का पटला नाही? मी पुरावा दिला नाही म्हणून.
का दिला नाही? तक्ता तयार नव्हता.
का नव्हता? वेळ मिळाला नाही.

मूळ कारण: वेळेचा अभाव. उपाय: कोणती सोय कोणत्या प्लॅटफॉर्मवर आधी आली याचा पूर्ण, निःपक्षपाती तक्ता. तो पाहिला की फलकचा गैरसमज दूर होईल आणि खोली सोडण्याचं कारणच उरणार नाही. मुदत: २२ नोव्हेंबर. भरपूर वेळ आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

तक्त्याचं काम उत्तम चाललंय. वरून बोट ओढून नोटिफिकेशन बघणं: अँड्रॉइड २००८, आयफोन २०११. होम स्क्रीनवर विजेट: अँड्रॉइड २००९, आयफोन २०२०. अकरा वर्षं! हे मी लाल रंगात केलं, मग निःपक्षपातीपणासाठी लाल काढून गडद केलं.

दोन बोटांनी फोटो मोठा करणं आयफोनमध्ये आधी आलं. तेही लिहिलं. सर्वात खाली.

पहिला मसुदा चहा-साखरेच्या कपाटाच्या दारावर चिकटवला. फलकने सकाळी दार उघडलं, वाचलं, बंद केलं. फॉन्ट छान आहे म्हणाली. चहा एकच कप केला.

८ नोव्हेंबर, शनिवार.

'आधी' म्हणजे काय याची व्याख्या करावी लागली. आधी जाहीर केलं ते, की आधी लोकांच्या हातात आलं ते? डार्क मोड दोघांकडेही २०१९च्या सप्टेंबरमध्ये आला, अँड्रॉइडकडे तीन तारखेला, आयफोनकडे एकोणीसला. म्हणून व्याख्या: लोकांच्या हातात आलं ते.

संध्याकाळी फलक स्वयंपाकघरातून हसत बाहेर आली. तिचा फोन आता कॉल करणाऱ्या अनोळखी माणसाला आधी नाव आणि काम विचारतो. क्रेडिट कार्डवाल्याला विचारलं तर तो म्हणे गोंधळून स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांसकट, सांगून बसला. तिने त्याच्या आवाजात करून दाखवलं. सोमवारनंतर ती पहिल्यांदाच माझ्याशी आपणहून बोलली.

मी सांगितलं, हे गूगलच्या फोनमध्ये २०१८ला आलं.

ती म्हणाली, भारतात?

मी म्हणाले, भारतात नाही.

ती म्हणाली, तुझ्या फोनमध्ये?

मी म्हणाले, प्रश्न माझ्या फोनचा नाही. (माझ्या फोनला दोन वर्षं अपडेट आलेला नाही. बॅटरी पंचवीस टक्क्यांवर आली की तो बंद पडतो. पण ही वैयक्तिक बाब आहे.)

तेवढ्यात माझा फोन वाजला. कर्ज हवंय का, असं एका बाईने विचारलं. मग बंद पडला.

फलक म्हणाली, आरू, मी काहीही सांगितलं ना, की तू मला एक तारीख सांगतेस.

नोंद केली. तांत्रिक मुद्दा नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.

निश्चय: आज एकही तारीख, सन किंवा आवृत्ती सांगायची नाही. फलक मिसळ खायला येते म्हणाली आहे. ही सकारात्मक चिन्हं आहेत.

दुपार.

पहिली वीस मिनिटं निर्दोष. तिने माझ्या प्लेटचा फोटो काढला, मी छान आलाय म्हणाले. तिने चाचांचा विषय काढला. ते दोन दिवस शेडवर गेले नाहीत, लोक थट्टा करतात म्हणून. मी ऐकून घेतलं. ती काहीतरी विचारणार होती असं वाटलं, कारण ती माझ्याकडे बघत थांबली होती. मी पापड मोडला.

मग तिने भिंतीवरच्या पाटीचा फोटो काढला, फोटोतूनच पार्सलचा नंबर कॉपी केला आणि दुसरीकडे पेस्ट केला. मी पाणी प्यायले. दुसऱ्यांदा प्यायले. मग मी एवढंच म्हणाले की आयफोनमध्ये साधं कॉपी-पेस्टसुद्धा २००९पर्यंत नव्हतं.

फलकने पाव खाली ठेवला. वाढणाऱ्याला हाक मारली: भाऊ, इकडे रस्सा आणा जरा, मॅडमचा इतिहास कोरडा पडलाय.

शेजारच्या टेबलावरचे हसले. तो भाऊ खरंच रस्सा घेऊन आला. घेतला.

येताना ती रिक्षाने आली, मी माझ्या स्कूटरवर. गेलो होतो दोघी स्कूटरवर.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

तक्त्यात एक किरकोळ अडचण.

फोटोतून माणूस उचलण्याची सोय तपासली. आयफोन: सप्टेंबर २०२२. अँड्रॉइडच्या एका मोठ्या कंपनीकडे: २०२३च्या सुरुवातीला, तीही महागड्या फोनमध्ये. चाचांच्या मॉडेलची माहिती काढली. त्यात नाही.

तीनदा तपासलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही तपासलं.

निर्णय: ही ओळ तक्त्यातून काढली. चाळीस ओळींचं चित्र एका ओळीने बिघडणं योग्य नाही. आमच्याकडे मोजमापात एखादं रीडिंग फारच वेगळं आलं तर ते बाजूला ठेवता येतं, फक्त कारण लिहावं लागतं. कारण: अप्रस्तुत.

चाचांना कळवावं का, हा प्रश्न आला. नाही. साठीच्या माणसाला एकाच विषयावर दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगणं बरं नाही. गोंधळतील.

१६ नोव्हेंबर, रविवार.

वत्सलाकाकू वर आल्या. खोलीचं काय ते नक्की करा म्हणाल्या. दोघींना समोर बसवलं. भांडण कशावरून ते विचारलं. मी दोन मिनिटांत मुद्देसूद सांगितलं. काकू ऐकून म्हणाल्या, म्हणजे फोन बनवणारे दोघं अमेरिकेत, आणि अबोला सिडकोत?

फलक खाली बघून हसली. मीही हसले असते, पण काकूंची माहिती अपुरी आहे, पुष्कळ फोन कोरियात आणि चीनमध्ये तयार होतात. हे मी सांगितलं. फलक उठून आत गेली.

काकू म्हणाल्या, आरोही, पोरी, तिच्या बापाला एक फोन लाव की. दोन शब्द बोल. मी म्हणाले, विषय तपासणीत आहे. काकू म्हणाल्या, बरं बाई, मग मी पाटी लावते, भाड्याने देणे आहे.

मी म्हणाले, बावीस तारखेपर्यंत पाटी लावू नका.

१९ नोव्हेंबर, बुधवार.

तक्ता शेखरसरांना दाखवला. ते आमचे मॅनेजर. नावं झाकून, एक काल्पनिक प्रकरण म्हणून. त्यांनी सगळा वाचला. तक्ता चांगला आहे म्हणाले. मग म्हणाले, पण ग्राहकाची तक्रार काय होती? ती कुठेच लिहिलेली नाही.

मी म्हणाले, तक्रार भावनिक होती.

ते म्हणाले, मग हा तक्ता कोणाच्या तक्रारीला उत्तर आहे?

सरांना मोबाइलमधलं फारसं कळत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार.

तक्ता सादर केला. एकोणचाळीस ओळी, दोन पानं, तळटीपा वेगळ्या.

फलक कपडे भरत होती. बॅगेवर बसून तिने दोन्ही पानं वाचली, तळटीपांसकट. मला वाटलं होतं ती तिसऱ्या-चौथ्या ओळीवर वाद घालेल, त्याची उत्तरं मी काढून ठेवली होती. तिने पेन मागितलं. प्रत्येक ओळीपुढे 'मान्य' लिहिलं. एकोणचाळीस वेळा. खाली सही केली. सगळं तुमच्याकडेच आधी आलं, आरू, म्हणाली, मुबारक.

म्हणजे मी सिद्ध केलं. मूळ कारण दूर झालं.

मी विचारलं, मग आता बॅग रिकामी करायची ना?

ती म्हणाली, नाही. टेंपो मंगळवारी येतोय.

मी म्हणाले, पण तुला सगळं मान्य आहे.

ती म्हणाली, हो, आहे की.

मग ती पानं उलटसुलट करून काहीतरी शोधायला लागली. माणूस उचलायची ओळ कुठाय, असं विचारलं. मी म्हणाले, जागा पुरली नाही. तिने दुसऱ्या पानाची मागची कोरी बाजू माझ्यासमोर धरली. मी तिकडे बघितलं नाही. तिने पानं नीट घडी करून मला परत दिली आणि टॉवेल भरायला घेतले.

पाच वेळा 'का' विचारून पाहिलं. दुसऱ्या 'का'ला अडकले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.

अर्धी सुट्टी टाकली. दुपारनंतर अंगात कणकण होती. (आता नाही.)

तिचा भाऊ वसीम टेंपो घेऊन आला. मी गादीचं एक टोक धरलं. जिन्यात वळणावर मी म्हणाले, डावीकडून तिरकी घ्या, नाहीतर अडकेल. अडकली नाही. एवढं एक माझं बरोबर आलं. वसीम म्हणाला, आपा, कभी मालेगाव आओ. अगदी मनापासून म्हणाला. त्याला घरी काही सांगितलेलं दिसत नाही.

फलकने चावी काकूंकडे दिली. मला म्हणाली, गॅस रात्री बंद करत जा, तू विसरतेस.

मी विसरत नाही. ती बंद करायची म्हणून मला लक्षात ठेवावं लागत नव्हतं.

मी म्हणाले, बरं.

टेंपो सुरू झाल्यावर मला एक पूर्ण वाक्य सुचलं. कंसही न लागणारं. तोवर टेंपो चौकाच्या पलीकडे होता.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.

आज दुपारी इसाकचाचांचा फोन आला. नाव दिसताच माझा फोन बंद पडला. मला हायसं वाटलं, हे इथेच लिहून ठेवते. चार्जिंगला लावला. त्यांनी परत केला.

चाचा म्हणाले, आरोही बेटी, फलक को मत बताना मैंने फोन किया, वो गुस्सा करती है. सोमवारी डोळे दाखवायला नाशिकला येतायत. येताना त्यांचा फोन आणणार. तू एक बार देख ले बस, म्हणाले. त्यांनी त्या दिवसापासून रोज प्रयत्न केला. प्रत्येक फोटोवर दाबून बघितलं. अम्मीच्या, बकरीच्या, वसीमच्या शाळेतल्या फोटोवरही. होत नाही. त्यांच्या बोटांना सुताची सवय, बोट खरखरीत, म्हणून फोनला समजत नसेल, असं त्यांना वाटतं. खातूनबींचं बोट लावून पाहिलं, तरीही नाही.

परवा ते पुन्हा दुकानात गेले होते. पोरं पुन्हा हसली. चाचांनी त्यांना सुनावलं: हमारी आरोही बेटी अंबड की कंपनी में माल चेक करती है, वो गलत नहीं बोलती. तुम लोग सीखो पहले.

माझ्याकडे वाक्य तयार होतं. चाचा, त्यात ती सोय नाही. पाच शब्द. सगळे बरोबर.

मी म्हणाले, हो चाचा, या. मी घरीच आहे.

ते म्हणाले, मला माहीत होतं. म्हणाले, तुझ्यासाठी अम्मी काहीतरी करून देतेय, डबा रिकामा परत द्यायचा नसतो, पण तू दे, चालेल.

सोमवारी माझी सुट्टी नाही. टाकली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळ.

फलकला मेसेज पाठवला. चौथा मसुदा. पहिल्या तिन्हींतल्या तारखा आणि आवृत्त्या काढल्यावर एवढाच उरला:

फलक, चाचा सोमवारी सकाळी फोन घेऊन माझ्याकडे येतायत. तुला सांगू नको म्हणाले होते, तरी सांगतेय. त्यांच्या फोनमध्ये ती सोय नाही. मी सांगितलं तेव्हाही नव्हती. ते माझ्यासाठी पुन्हा दुकानात जाऊन भांडले. त्यांना हे समोर बसून कसं सांगायचं ते मला येत नाही. तू त्या वेळी इथे येशील का? येणार असशील किंवा नसशील, रविवारी संध्याकाळपर्यंत कळव.