अप्पांसाठी मोजे

धनलक्ष्मी अक्का,

धाकट्या भीमाशंकरचा नमस्कार. मी मजेत हाय, जेवण बरं मिळतंय. लकव्यानं आपल्या अप्पांचं उजवं अंग अन् वाचा गेली, तरी तू दर फोनला मोबाइल त्यांच्या कानाला लावतीस. म्हणून हे कागदावर लिहायलोय. त्यांना वाचून दाखवू नको.

विमानतळावर माझं काम धावपट्टीवरची पाखरं हाकलायचं. साहेबांनी विमानसुरक्षेचं पुस्तक दिलंय. पाखरू इंजिनात गेल्यावर काय होतं, त्याचे फोटो हायत त्यात. तू न बघितलेलेच बरे. फटाक्यांना पाखरं सरावतात, असंबी लिहिलंय. म्हणून मी अप्पा मेंढरांना द्यायचे तशी हाळी देतो, "हिर्रर्र हाऽऽ!" लगेच उडतात.

परवा सकाळी धुकं दाट होतं. विमान उतरायलं होतं, अन् धावपट्टीच्या पल्याडच्या टोकाकडून तीच हाळी आली. मी तोंडबी उघडलं नव्हतं, अक्का. टिटव्यांचा थवा माझ्या डोक्यावरून गेला. त्या तिथं बसल्यात हे मला ठाऊकच नव्हतं. विमान सुखरूप उतरलं.

जाऊन बघितलं तर कुणी न्हाई. गवतावरच्या दवात अनवाणी पावलं उमटली होती, उजवा पाय फरफटत नेलेला.

अप्पा अजून अंथरुणावरच हायत न्हवं? खरं सांग. आपल्या गावी, संतपुरात, तूर काढायला आली का?

सोबत लोकरीचे मोजे पाठवायलोय. झोपताना अप्पांच्या पायात घालत जा. इकडं सकाळी लई गार असतं.

तुझाच,
भीमाशंकर