गोमेद मी बंद केलं

६ ऑक्टोबर २०२४

पुन्हा माझं नाव नाही!

गोमेद सुरू करायला समुद्रात कोण कोण जाणार, ते यज्ञेशनं आज मीटिंगमध्ये सांगितलं. सगळे पुरुष. त्यातल्या निम्म्यांना प्लॅटफॉर्मवरचा कुठला पाइप कुठे जातो हे मीच शिकवलंय. इतकी वर्षं अंधेरीच्या ऑफिसात बसून मी गोमेदचा गॅस प्लांट कागदावर उभा केला. विहिरीतून गॅस वर आणायचा, त्यातलं पाणी आणि तेल वेगळं करायचं, दाब वाढवून समुद्राखालच्या लाइनीतून किनाऱ्यावर पाठवायचा — सगळं! आणि आता ते खरोखर चालू व्हायची वेळ आली, तर गंधाली राऊळ अंधेरीत बसून फोन उचलणार!

सगळ्यांसमोर विचारलं, "मी का नाही?"

यज्ञेश माझा बॉस, पण माझ्याहून बराच लहान. म्हणाला, "मॅडम, तिथे लेडीजची सोय नाहीये ना. एका केबिनमध्ये चौघं. बाथरूम कॉमन."

"मग एक केबिन रिकामी करा."

"सर्व्हायव्हल ट्रेनिंग पण नाही तुमचं. स्विमिंग तरी येतं का?"

येत नाही. सगळे हसले. मीही हसले. हसता हसताच ठरवलं.

७ ऑक्टोबर

मुलुंडला कालिदासच्या तरणतलावात नाव घातलं. खिडकीतल्या बाईनं विचारलं, "मुलीसाठी का?" नाही. माझ्यासाठी! वय एक्केचाळीस, लिहा.

२० ऑक्टोबर

नाकातोंडात पाणी जाऊन मेले नाही, एवढीच प्रगती. शेजारच्या लेनमधली पोरं माशांसारखी जातात. मी कठडा धरून पाय आपटते. सई म्हणते, "मम्मी, तू तिथे जाऊन रोज रडत असशील." रोज नाही. दोनदाच.

१० नोव्हेंबर

आज कठडा सोडला! अख्खी रुंदी पार केली. बाहेर आले तर आप्पा बाकावर बसलेले. ऐंशीला टेकलेला माझा बाप टिळक रोडवरून चालत आला होता, लेक बुडते का बघायला.

"गो, तुका दर्यात जावचाच आसा?"

"हो आप्पा."

"आणि सुबोध काय म्हणता?"

नवऱ्यानं काय म्हणायचंय! सुबोध म्हणतो, "जा, पण मला रोज फोन कर आणि सईला गणित शिकवायला सांगू नकोस." आप्पांना हे ऐकून हसू आलं नाही. गिरणी गेल्यापासून त्यांना एकच कळतं — नोकरी असेल तिथे मान खाली घालून टिकायचं. पुढे पुढे करायचं नाही.

५ डिसेंबर

पास!!

हेलिकॉप्टर समुद्रात पडलं तर कसं सुटायचं, याची परीक्षा. लोखंडी डब्यात पट्टा बांधून बसवतात, डबा टाकीत बुडवतात आणि पाण्याखाली उलटा करतात. खाली डोकं, वर पाय, डोळ्यांपुढे नुसते बुडबुडे. खिडकीची कड एका हातानं धरायची, ती सोडायची नाही. डबा थांबेपर्यंत थांबायचं. मग खिडकी ढकलायची, मग पट्टा, मग बाहेर. घाई केली की संपलं. माझ्या आधीच्या धटिंगणानं दोनदा घाई केली, त्याला वर ओढून काढावं लागलं. मी एकदाही नाही!

सर्टिफिकेट नेऊन यज्ञेशच्या टेबलावर ठेवलं. तो त्याच्याकडे बघत बसला.

"केबिनचं काय?" मीच विचारलं.

"बघतो."

"बघू नका. करा."

१४ जानेवारी २०२५

जुहूवरून उड्डाण. सईनं पाकिटात तिळगूळ दिला होता, तो जॅकेटच्या खिशात चुरला.

किनारा मागे गेला आणि नुसतं पाणी. मग एकदम गोमेद! समुद्रात लोखंडी पायांवर उभं असलेलं, पिवळं, अवाढव्य. माझ्या कागदावरच्या सगळ्या रेषा उभ्या राहिल्या होत्या. रडू आलं. कानावर हेडफोन होते, कुणाला कळलं नाही.

प्लॅटफॉर्मचे प्रमुख विद्याधर सर. बोरिवलीचे. उभी हयात समुद्रात काढलेला माणूस, आवाज कंप्रेसरवरूनही ऐकू यावा असा. दवाखान्याशेजारची छोटी खोली मला दिली आणि म्हणाले, "राऊळ, इथे मॅडम-बिडम नाही. आणि माझ्या प्लॅटफॉर्मवर शेवटचा शब्द माझा."

"गॅसच्या बाबतीत शेवटचा शब्द गॅसचाच असतो, सर."

जरा टवकारून बघितलं. मग गेले.

२१ जानेवारी

मेसमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसत नव्हतं. आज नितेश बसला. राजापूरचा, वेल्डिंग करतो, कंत्राटावर आहे. म्हणाला, "मॅडम, तुम्ही बसलात की हे लोक शिव्या द्यायच्या थांबतात. कंटाळलेत बिचारे!" मी एक अस्सल मालवणी शिवी हासडली. पलीकडचं टेबल फुटलं हसून. आता बसतात.

२७ जानेवारी

गॅस आला!

पहिली विहीर उघडली. दाबाचे आकडे वर वर, कंट्रोल रूममध्ये कुणी श्वास घेईना. मग बाहेर बुमच्या, म्हणजे समुद्रावर काढलेल्या लांब लोखंडी हाताच्या टोकाला ज्योत भक्कन पेटली. सगळे कठड्याशी धावले. तोंडावर ऊब येत होती. समुद्राच्या तळाखालचा गॅस, कधीपासून तिथे पडून होता कुणाला माहीत, आणि आम्ही त्याला वर बोलावलं.

विद्याधर सरांनी पाठीवर थाप मारली. "झकास, राऊळ! कागद बरोबर होता तुझा." ‘तुझा’ म्हणाले. बरं वाटलं.

२९ जानेवारी

गॅसचा दाब वाढवणाऱ्या कंप्रेसरजवळ गळती हुंगणारे तीन सेन्सर आहेत. त्यातला एक सकाळपासून मधूनच ओरडतो. दोन ओरडले की प्लांट आपोआप बंद पडतो. एकच ओरडला तर ठरवायचं माणसानं. मी गॅस मोजायचं हातातलं मीटर घेऊन गेले. आकडा जरा हलला, वारा फिरला, गेला. पुन्हा गेले — काही नाही.

सर म्हणाले, "नवा सेन्सर आहे, खारी हवा लागली. बायपास करून टाक."

बायपास म्हणजे तो ओरडला तरी कुणाला ऐकू जाणार नाही.

"मला गळती वाटतेय सर. बंद करून बघू या."

"परवा किनाऱ्यावर उद्घाटन आहे. मोठे पाहुणे, टीव्हीवाले. एकदा बंद केलं की पुन्हा सुरू करायला दोन दिवस जातात, हे तुला माहीत नाही?"

माहीत आहे. मीच लिहिलंय ते.

बायपास केला नाही. सरांनी दुसऱ्याकडून करून घेतला.

३१ जानेवारी

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते.

काल दुपारी जेवून वर आले तर कंप्रेसरच्या मजल्यावर नितेश वेल्डिंगचं सामान मांडून तयार! उद्घाटनात इथलं दृश्य थेट दाखवायचं म्हणून तिथे कॅमेऱ्याचा खांब बसवायचा होता. ठिणग्या! गप्प केलेल्या सेन्सरपासून हाकेच्या अंतरावर!

माझं मीटर ओरडायला लागलं. या वेळी वारा फिरला तरी आकडा उतरेना. चढतच गेला.

"नितेश, ठेव ते खाली! सगळे खाली जा!"

तो बघतच राहिला. "मॅडम, सरांनी सांगितलंय..."

"खाली जा म्हणते ना!"

फोन उचलून सरांना सांगितलं. ते म्हणाले, "पेटवायचं थांबव, पण प्लांट चालू ठेव. मी येतो. कशाला हात लावू नकोस. राऊळ, ऐकतेस ना?"

ऐकत होते. भिंतीवर लाल बटण. काच फोडली, दाबलं.

सगळं थांबलं. आतापर्यंत कानात भरलेला आवाज एकदम गेला आणि खालच्या लाटा ऐकू आल्या — इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग साठलेला गॅस ज्योतीकडे सुटला आणि ती डोंगराएवढी झाली. मला वाटलं, ही आता अंधेरीतून दिसत असणार.

सर धापा टाकत आले. ओरडले नाहीत, त्याचीच भीती वाटली. "काय केलंस हे?"

"बंद केलं."

"कुणाला विचारून?"

"माझ्या मीटरला."

त्यानंतर सगळे जोड तपासले. साबणाचं पाणी लावून, नायट्रोजन भरून, दोन-दोनदा. काही सापडलं नाही. एक बुडबुडासुद्धा नाही! मी म्हणाले, यंत्र चालू असताना हादऱ्यानं तडा उघडत असेल, बंद केल्यावर मिटत असेल. सगळे सामान आवरायला लागले. मेसमध्ये पुन्हा एकटी. नितेशही दुसऱ्या टेबलावर.

उद्घाटन पुढे ढकललं. उद्याच्या हेलिकॉप्टरनं मला परत पाठवतायत.

माझं चुकलं असेल का? शंभरदा विचारलं स्वतःला. चुकलं असेलही. पण तो आकडा पुन्हा दिसला तर पुन्हा दाबीन. बस!

५ फेब्रुवारी

मुलुंड. जमीन हलतेय असं वाटतं.

नितेशचा फोन आला. कॅमेऱ्याचं काम रद्द, त्यांच्या टोळीचं कंत्राट वाढवलं नाही. तो घरी चाललाय. "तुम्हाला बोल लावायला फोन नाही केला, मॅडम. पण बायको विचारते की काही झालंच नव्हतं तर आमचं काम का गेलं? तिला काय सांगू?"

काय सांगणार! "मी चुकले असं सांग," म्हणाले.

तो मग म्हणाला, "तसं नाय सांगणार."

फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. हे नवीन. बटण दाबताना रडले नव्हते.

९ फेब्रुवारी

आप्पा आले. हातात सुरमई. कशी साफ करायची ते सुबोधला सांगत बसले, मग मला गॅलरीत बोलावलं.

"माफी माग. हात चुकान लागलो म्हण. संपात आमी ताठ ऱ्हवलो. काय गावला? गिरणी गेली, आणि तुझ्या आयशीन डबे केल्यान."

"आप्पा, माझा हात चुकून लागला नाही."

"माका म्हायत आसा. तरीपण म्हण."

माझ्या बापाचा हात धरला. सुकलेला, हलका. ज्यानं एवढं सोसलं त्याला नाही म्हणणं विद्याधर सरांना नाही म्हणण्यापेक्षा कितीतरी कठीण. तरी म्हणाले.

ते न जेवता गेले.

१४ फेब्रुवारी

अंधेरी. चौकशी. लांब टेबल, पलीकडे यज्ञेश आणि दिल्लीच्या हेड ऑफिसातून आलेले दोघं. विद्याधर सर प्लॅटफॉर्मवरून फोनवर.

यज्ञेश मृदू आवाजात म्हणाला, "मॅडम, सोपं करू या. पहिलीच वेळ, ताण होता, गोंधळात बटण दाबलं गेलं. एवढं म्हणा. केस बंद. तुम्ही इथे डिझाइनला परत."

"आणि पुढे कुठली बाई गोमेदवर जायचं म्हणाली, की तुम्ही सांगणार — मागच्या वेळी एक घाबरली होती!"

"असं कोण म्हणतंय?"

"आत्ता तुम्हीच म्हणालात. ताण होता, गोंधळ होता. मला ताण नव्हता. वेल्डिंगची तयारी होती आणि गॅसचा आकडा चढत होता. सेन्सर कुणी गप्प केला ते आधी लिहा, मग माझं लिहा."

दिल्लीच्या एकानं फोनकडे वळून विचारलं, "विद्याधर, सेन्सर बायपास होता?"

मग सर म्हणाले, "तो खराब होता."

बस. एवढंच. मला वाटलं होतं ते खरं बोलतील. पाठीवरच्या त्या थापेवर विश्वास ठेवला होता मी!

१५ फेब्रुवारी

निलंबित. संध्याकाळी तरणतलावात गेले आणि न थांबता पोहत राहिले.

१८ फेब्रुवारी

सईनं विचारलं, "मम्मी, तू हरलीस का?"

"अजून विचार करतेय."

"सांग हां ठरलं की." आणि कॉलेजला गेली.

२४ फेब्रुवारी

सकाळी विद्याधर सरांनी गोमेद बंद केलं. स्वतःच्या हातानं! या वेळी मीटरवरचा आकडा त्यांनी डोळ्यांनी पाहिला. कंप्रेसरचा पाइप आवळून धरणाऱ्या क्लॅम्पखाली केसाएवढा तडा सापडला. सगळे सुखरूप. दुपारी त्यांचा फोन आला. "बायपास मी करायला लावला, हे दिल्लीला कळवलं. मला उतरवतायत, बरोबरच आहे. प्लॅटफॉर्म कुणाला द्यायचा विचारलं, मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी मान्य केलं, निलंबनही उठवलं."

मी म्हणाले, नितेशची टोळी परत आली तरच. आधी त्यांचं, मग माझं. अर्ध्या तासात हो आलं.

परवा जुहूहून निघायचं. आता ‘चालू ठेवा’ म्हणणारे फोन मला येणार.

येऊ देत!