डावीकडचा स्पीकर

९ ऑक्टोबर, रविवार दुपार

ती. ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र बुधवारी पोचलं. गुडघा आता जिना चढू देतोय हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. माझी नोकरी चालू आहे, गॅलरीतली एक कुंडी वाळली, आणि तुमचा बाळ भिंत फोडतोय.

बाळ माझ्यावर रुसलाय का, दोन महिने रविवारचा फोन का उचलत नाही, असं तुम्ही विचारलंत. रुसलेला नाही. छप्पन्न वर्षांच्या माणसाला तुम्ही अजून बाळ म्हणता, तेव्हा रुसला असता तर त्याला शोभलंही असतं. त्याचं म्हणणं असं की फोन बिघडलाय, ताईचा आवाज उशीखालून आल्यासारखा येतो. त्याने फोन बदलला. नवाही तसाच निघाला. मग म्हणाला, हल्ली कोणी काही नीट बनवतच नाही. तो फोन डाव्या कानाला लावतो हे तुम्हाला आठवत असेल. उजवा हात पेन्सिलीसाठी मोकळा लागतो त्याला. रविवारी घरी असला तरी नकाशे काढणाऱ्या माणसाची ती सवय सुटत नाही.

तुम्ही मागच्या वर्षी माझ्या आईच्या वेळी आलात तेव्हा मागची खोली पाहिलीत. माझं शिवणाचं मशीन जिथे होतं ती. तेव्हा तिथे तीन स्पीकर होते. आता पाच आहेत, शिवाय जमिनीवर दणका देणारा तो सहावा ठोकळा. दुकानदाराने हात जोडून सांगितलं होतं, की गाणं ऐकायला दोन चांगले स्पीकर पुरे आणि सिनेमाला पाच लागतात, दोन्ही एकात साधायला गेलात तर दोन्हीकडून फसाल. झालं. कोणी नाही म्हटलं की तुमच्या भावाला चेव येतो. एकाच खोलीत, एकाच यंत्रावर, गाणंही आणि सिनेमाही. तीन वर्षं त्याने दुसरा विषय काढला नाही. भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकल्या. जमिनीवर टेपने खुणा केल्या. सगळी मोजमापं एका खुर्चीवरून घेतली. ती खुर्ची त्याची. माझं स्टूल दाराशी, कारण माझी साडी सळसळते.

ह्या खोलीने माझं काय केलं ते तुम्हाला थोडंफार ठाऊक आहे. माझा रेडिओ त्याने रद्दीवाल्याला दिला, त्याच्या पत्र्यासारख्या आवाजाने म्हणे त्याचा कान नासत होता. पाहुणे आले की मला मध्ये बसवायचा, डोळ्यांवर टॉवेल बांधायचा आणि विचारायचा, आत्ता कुठली वायर लावली, साधी की भारी. मी चुकले की सगळे हसायचे. मी बरोबर सांगितलं तर म्हणायचा, ठोकून दिलंन, हिला कुठले कान. तुमच्यासमोरही झालंय हे. तुम्ही हसला नाहीत. सरबताचे ग्लास उचलून आत गेलात आणि मागाहून मला म्हणालात, मनावर घेऊ नकोस, त्याला सांभाळून घे. मी सत्तावीस वर्षं सांभाळून घेतलं. त्यात मी पटाईत झाले.

आता ऑगस्टचं. तीन तारखेला सकाळी तो खोलीत गेला आणि दहा मिनिटांत बाहेर आला. डावीकडचा स्पीकर गेला, म्हणाला. आवाज दबका येतोय, वरचे सूर गळतायत. मी कामावर निघाले होते. मला थांबवून दोन्ही स्पीकर उचलायला लावले. डाव्याच्या जागी उजवा, उजव्याच्या जागी डावा. म्हणजे स्पीकर वाईट असेल तर वाईटपणा त्याच्याबरोबर उजवीकडे जाईल. गेला नाही. डावीकडेच राहिला. मग वायरी बदलल्या. तरी डावीकडेच. मग ॲम्प्लिफायरच्या मागच्या जोडण्या उलट केल्या. तरी तेच. त्या दिवशी त्याने खोलीतली एकूण एक वस्तू फिरवून पाहिली. स्वतःची मान तेवढी फिरवली नाही.

मी बावीस वर्षं कानाच्या डॉक्टरांकडे काम करते, ताई. काचेच्या खोलीत माणसाला बसवते, हेडफोन लावते, बारीक बारीक आवाज सोडते आणि ऐकू आला की बटण दाबा म्हणते. एका सकाळी उठून एकच कान गेलेली माणसं आमच्याकडे वर्षाला पाचसात तरी येतात. सगळी आधी हेच सांगतात की फोन बिघडलाय, टीव्ही बिघडलाय. डॉक्टरांचं वाक्य मला पाठ आहे. पहिल्या पंधरा दिवसांत आलात तर गोळ्या-इंजेक्शनं देऊन कान परत यायची आशा असते, नंतर देवाची मर्जी. स्पीकर उचलून खाली ठेवतानाच मला कळलं होतं. मी हात पुसले आणि कामावर गेले. तिथे त्या दिवशी अकरा जणांचे कान तपासले.

तुम्ही म्हणाल, राहून गेलं असेल सांगायचं. राहून गेलं नाही.

मागच्या वर्षी तुम्हाला मी सांगितलं की आईचा फोन आला तेव्हा मी घरी नव्हते. खोटं सांगितलं. मी घरी होते, त्या स्टुलावर. सिनेमा चालू होता. खोलीचा नियम तुम्हाला माहीत आहे, फोन बाहेरच्या खणात. मला रिंग ऐकू आली. मी उठले. तो म्हणाला, खाली बस, काही वाजत नाहीये. पुन्हा वाजली. मी म्हटलं, अहो, वाजतोय हो, आई एकटी आहे. तो म्हणाला, तुला भास होतात, तुला कान असते तर बघायला नको होतं. मी बसले. का बसले ते मला अजून सांगता येत नाही. सिनेमा संपल्यावर खण उघडला. आईचे चार फोन. शेजारीण तिच्या दारात पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. त्याने ते चार फोन पाहिले आणि म्हणाला, योगायोग. तुम्ही आलात तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणालात, बाळ फार खचलाय गं, त्याला जप.

तर ऑगस्टमध्ये मी त्याला जपलं. त्याला कोणाकडे जाऊ दिलं नाही. दुकानदार एकदा म्हणाला, साहेब, एकदा कान दाखवून घ्या. हा मला सांगून हसत होता. मीही हसले. म्हटलं, त्याला त्याचा माल परत घ्यायचा नाही, दुसरं काय.

अकरा तारखेला, म्हणजे नवव्या दिवशी, मी भाजी निवडत असताना तो स्वयंपाकघरात आला. दाढी वाढलेली होती. म्हणाला, जरा येतेस का आत. ‘जरा येतेस का’ हे त्याच्या तोंडून मी लग्नानंतर ऐकलं नव्हतं. आत नेऊन त्याने मला त्याच्या खुर्चीवर बसवलं. पहिल्यांदा. एक गाणं लावलं आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, तू रोज तेच काम करतेस, खरं सांग. स्पीकर खराब आहे, की मी?

ताई, ते गाणं मी आयुष्यभर ऐकत आलेय, पण तसं कधी ऐकलं नव्हतं. गाणारी बाई समोर उभी होती असं वाटलं. दोन ओळींमध्ये तिने घेतलेला श्वास कळत होता. डावीकडे तंबोरा होता, अगदी स्वच्छ. त्याला जे साधायचं होतं ते त्याने साधलं होतं. तीन वर्षं त्याची टवाळी करत होते मनातल्या मनात, आणि मला रडू आलं. त्याने माझं रडणं पाहिलं आणि घाबरून विचारलं, काय, काय झालं?

मी डोळे पुसले आणि म्हटलं, डावीकडून दबकाच येतोय हो. तुमचं बरोबर आहे.

त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. माझ्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणाला, वा, तुला कान आहेत की. मग फूटपट्टी घेऊन डावी भिंत मोजायला लागला. त्याचं नक्की झालं होतं, दोष भिंतीत आहे.

आणखी सहा दिवस होते हातात. सहाही दिवस मी त्याला डबा दिला, संध्याकाळी चहा दिला आणि कॅलेंडरकडे पाहिलं. सतरा तारखेनंतर पाहायचं सोडलं.

आता दोन महिने झाले. डावी भिंत अर्धी उतरवली आहे. घरभर विटांची धूळ आहे. तो खूश आहे. भिंत नवी झाली की सगळं जागेवर येईल म्हणतो, आणि ताईला बोलावू, तिला मधल्या खुर्चीवर बसवू, असंही म्हणतो. मला वाईट वाटतं का, तर वाटतं. सकाळी त्याला हाक मारली की तो चुकीच्या बाजूला वळून बघतो तेव्हा वाटतं. पण परत तो दिवस आला तर मी वेगळं वागेन, असं लिहायला बसले होते आणि हात चालला नाही.

त्याला सांगायचं असेल तर तुम्ही सांगा. सांगितलंत तर त्याला एकाच वेळी दोन गोष्टी कळतील, कान गेलाय ही एक आणि तो वाचला असता ही दुसरी. सांगून कान काही परत येणार नाही. नाही सांगितलंत तर ही भिंत झाल्यावर तो छताला हात घालेल, आणि तुम्ही आलात की मधल्या खुर्चीवर बसवून तुम्हालाही विचारेल. तेव्हा काय उत्तर द्यायचं ते आत्तापासून ठरवून ठेवा. मी इतके दिवस एकटी होते. आता आपल्या दोघींना माहीत आहे.

तुमच्या भावाची बायको