बंद दाराची बारी

कशेळी,
६ ऑक्टोबर २०२५

ती. कमळआत्यास,
रुचिकाचा शि. सा. न. वि. वि.

ही अक्षरं मम्मीने सांगितली म्हणून लिहिली, चुकली असतील तर तिला ओरड! तुझ्या माळावर नेटवर्क नाही, म्हणून हे पत्र इमादच्या दुधाच्या टेम्पोतून पाठवतेय.

आत्या, काल तिथून आल्यापासून डोक्यात नुसते प्रश्न आहेत. दिघाशीपासून एवढ्या वर फक्त तीन घरं, त्यातलं आमचं बंद, आणि बाकी सगळं गवत. तुला बोअर होत नाही? तुझी ती पांढरी गाय कायम सगळ्यांच्या पुढे का चालते? बाकीच्यांनी तिला लीडर कधी केलं? आणि शेजारचे महादूकाका माझ्याशी धड बोललेच नाहीत, ते आमच्यावर रागावलेत का?

एक गंमत सांगायची राहिली. आमच्या बंद दाराला एक काठी टेकवलेली होती. हात लागून लागून गुळगुळीत झालेली, वर पितळेची कडी. कोणीतरी विसरलं असणार. पावसात खराब होईल म्हणून मी घेऊन आले. हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला ठेवलीय, एकदम भारी दिसते. पप्पा गोडाऊनवरून उशिरा येतात, त्यांनी अजून बघितलेली नाही.

लोभ आहेच तुझा, आता उत्तरही तेवढंच मोठं पाठव.

तुझी रुचिका


दिघाशीचा माळ,
७ ऑक्टोबर

चि. रुचिकास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

अगं पोरी, काठी तू नेलीस व्हय! आम्ही दोन्ही घरांनी अख्खं गवत उचकटून काढलं. महादूनं तर माझ्या बोकडावर आळ घेतला.

ती कोणी विसरलेली न्हाय. ती बारीची काठी. ज्याच्या दाराला ती टेकलेली, त्यानं त्या दिवशी सगळ्यांची गुरं चरायला न्यायची. सांजेला परतलं की काठी पुढच्या दारी. एक दिवस माझा, एक महादूचा, एक तुमचा. तुझे आजोबा गेले, तुमच्या दाराला कुलूप लागलं, तरी तुमची बारी मी मोडू दिली न्हाय. त्या दिवशी गुरं बांधून ठेवतो, वैरण घालतो. बारी गेली की घर माळाचं राहत न्हाय, असं आमच्यात हाय.

महादू याच्यावरच चिडलाय. तो म्हणतो, बंद दारापायी गुरं किती दिवस उपाशी मारायची? दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला बारी नव्यानं बसते, तेव्हा तुझ्या बापाचं, मनोजचं नाव काढून टाकायचं, असं त्यानं बजावलंय. त्याचंही खोटं न्हाय. पण मग दिवसाआड बारी माझ्यावर येणार, आणि गुडघे काय म्हणतात ते मलाच ठाऊक. चारही जनावरं विकून खाली यावं लागंल.

आता काठी उचलली म्हणजे बारी घेतली. ज्यानं उचलली त्यानंच गुरं न्यायची, तोवर दुसरं कोणी नेणार न्हाय. इमादच्या हाती पाठवायचा शहाणपणा करू नकोस. गुरं दावणीला हंबरतायत.

पांढरी पुढे का चालते ते तिलाच विचार. माझ्यावर लोभ हाय तर पायात बूट घालून ये.

तुझी आत्या


कशेळी,
८ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. आणि खूप खूप सॉरी.

काल रात्री पप्पांनी काठी बघितली. मला वाटलं ओरडतील. त्यांनी ती हातात घेतली, कडी दोनदा वाजवली आणि तशीच मांडीवर ठेवून जेवले. मग म्हणाले, ताईने जनावरं विकून आपल्याकडे यावं, इथे लिफ्ट आहे. मी विचारलं, आणि ताई लिफ्टमध्ये दिवसभर काय करणार? त्यावर त्यांनी कडी पुन्हा वाजवली.

मी उद्याच येते, कॉलेज गेलं खड्ड्यात. गुरं न्यायची म्हणजे त्यांच्या पुढे चालायचं की मागे? पाऊस आला तर? काही खायला न्यायचं का त्यांच्यासाठी? हसू नकोस.

राग थोडा ठेव, लोभ जास्त ठेव.

तुझी रुचिका


माळावरून,
९ ऑक्टोबर, संध्याकाळ

प्रिय पप्पा,
सा. न. वि. वि.

मी नेली गुरं! मागे चालायचं असतं. पुढे पांढरी. दुपारी ती ओढ्याकडे वळली तर मी तिला उलट हाकलत होते, आणि ती माझ्याकडे असं बघत होती की मीच हरवलेय. मग मी मुकाट तिच्या मागे गेले. पप्पा, तिथे जांभळाखाली केवढी सावली आहे! तुम्ही मला कधी का नाही सांगितलं?

मी फोटो काढत बसले आणि गुरं महादूकाकांच्या भातात शिरली. काका काठावरून ओरडत होते की मनोजच्या पोरीला भात आणि गवत एकच दिसतं. इथला नियम असा की ज्याच्या बारीत गुरं पिकात शिरली, त्याने उद्याची बारीही करायची. म्हणून मी उद्या येत नाही.

पण नंतर काकांनीच मला ताक दिलं. मी त्यांना विचारलं की शनिवार-रविवार दोन्ही दिवस आमच्या घराने घेतले तर नाव राहील का. बाकीचे दिवस त्यांचे आणि आत्याचे, आत्याला दोनच. ते म्हणाले, शनिवार पोरगी करील, पण रविवारी कोण, टीव्ही? वाघबारशीच्या आधी सांगा म्हणाले. आत्या गायीची गोचीड काढत बसली.

मी काय सांगू त्यांना?

लोभ करा, आणि मम्मीला कॉलेजचं तुम्हीच समजवा.

तुमची रुचिका


कशेळी,
१० ऑक्टोबर

ती. ताईस,
मनोजचा शि. सा. न. वि. वि.

जनावरं विकू नकोस. रविवार माझा, महादूला तसं सांग. किती वर्षांत गुरांमागे गेलो नाही, पहिल्या दिवशी ती माझ्या हातूनही त्याच्या भातात शिरतील. तेव्हा सोमवारची बारीही माझ्याच नावावर धर, मी रजा टाकूनच येतो.

तुझा भाऊ,
मनोज