मिनीबसच्या दारावरचा दिवा

अण्णा, तुम्ही असता तर आधी माझ्या बसच्या छतावर चढला असता आणि प्रत्यक्ष सूर्याकडेही संशयानेच पाहिलं असतं. सरकारी कचेरीत आयुष्यभर वायरमन होतात, पण कुणाच्या शब्दावर तारेला कधी हात लावला नाही. तार तपासण्याआधी टेस्टर चालू बोर्डाला टेकवून टेस्टरचीही परीक्षा घ्यायचात. मी संस्कृतचा शिक्षक म्हणून रुजू झालो त्या सकाळी तुम्ही मला भेट दिलीत ती हीच, एक टेस्टर. शब्दरूपांच्या अध्यापनात याचं प्रयोजन काय, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

तर वृत्तांत असा. जेसल पार्कातल्या दोन खोल्यांत तुमच्या सुनेच्या मालिका आणि माझं वाचन यांचं सहअस्तित्व अशक्य झालं, तेव्हा मी एक सेवानिवृत्त शालेय मिनीबस घेतली, बाकडी उपटली, आत खाट-टेबल ठेवलं आणि जवळच्या खारी गावातल्या एका मावशींच्या परसात तिची प्रतिष्ठापना केली. मावशी मूळच्या तिथल्याच, सत्तरीच्या, बाजारात पालेभाजी विकणाऱ्या. त्यांच्या लेकीला मी शाळेत शिकवलं होतं, तेवढ्या पुण्याईवर जागा मिळाली. त्यांच्याकडे वीज मागायची नाही, सूर्योपासनेवर स्वयंपूर्ण व्हायचं, असा माझा संकल्प. केबिन रोडवरच्या दुकानदाराने दोन सोलर पॅनल, एक बॅटरी आणि एक अवाढव्य इन्व्हर्टर गळ्यात मारला. "सर, पूरा बंगला चलेगा इसपे!" बंगल्याच्या जागी माझ्याकडे एक पंखा, एक लॅपटॉप आणि बॅटरीवर थेट जोडलेला, दारावरचा चिमुकला दिवा.

संध्याकाळी मी घरी परततो तेव्हा बॅटरी पूर्ण भरलेली असते. चोरांच्या भयाने तो दिवा मात्र लावून ठेवतो. सकाळी येऊन पाहतो तर बॅटरी जवळपास अर्धी. दिव्याचा आहार मी गणिताने काढला होता. तो इतका नव्हता. दहा दिवस हेच चाललं. मी बसखाली आडवा होऊन मावशींच्या घराकडे जाणारी गुप्त तार शोधली. कपडे वाळत घालायच्या दोरीलाही, आसपास कुणी नाही असं पाहून, टेस्टर लावला. अखेर एका दुपारी मावशींनी आपणहूनच कबुली दिली.

"मास्तर, तुजी लाईट मना लय उपेगी परते रं. रोज घेतंय मी."

"रोज?"

"रोज! तुला काय कमी परतंय काय?"

आपल्याकडे वीज, दिवा आणि उजेड या तिन्ही पदार्थांना 'लाईट' हा एकच शब्द पुरतो. जन्मभर मुलांना अर्थच्छटा शिकवणारा मी त्या क्षणी अर्थनिर्णयासाठी थांबलो नाही. वीजच ऐकली. त्या दिव्याच्या तारेतूनच चौर्यकर्म होत असणार, असा सिद्धान्त मांडून त्याच संध्याकाळी दिवा तारेसकट उतरवला आणि बॅटरीच्या पेटीला कुलूप ठोकलं. मावशींना एका शब्दाने विचारलं नाही. आठवडा गेला. बॅटरी घटतच राहिली, त्यामुळे माझा संशय अधिकच व्यासंगी झाला.

मग एका सकाळी पाहतो तर मावशींच्या मनगटाला हळदीचा लेप आणि फडकं.

"पाय सरकला मागच्या वट्यावरशी. पाहाटंचा कालोख, पायरीच दिसली न्हाय," त्या म्हणाल्या. "मेथीच्या जुड्या बांधाला बसतंय ना मी तिथं."

मी वळून पाहिलं. बसच्या दारासमोर, दहा पावलांवर, तो ओटा.

आणि आपलं जुनं घर आठवलं. तुम्ही स्वयंपाकघरात स्टुलावर उभे आहात, आई स्टोव्हपाशी आहे, आणि दिवा सारखा मंद होतोय म्हणून मी शेजाऱ्यांच्या नावाने ओरडतोय. मी असेन बारा वर्षांचा. "खाली बस," तुम्ही म्हणालात. "आधी आपलं टोक तपास. भिंतीपलीकडे नंतर बघ."

त्या सकाळी मी बसमध्ये आपलं टोक तपासायला बसलो. पंखा सोडवला, थांबलो. लॅपटॉप सोडवला, थांबलो. बॅटरीच्या मीटरवरचा आकडा उतरतच होता. शेवटी इन्व्हर्टरला कान लावला. अहोरात्र चालू ठेवलेला तो यंत्रराज काहीही चालवत नसताना एकटाच गुणगुणत बॅटरी खात बसला होता. कळ दाबली. गुणगुण थांबली, आकडाही थांबला.

दिवा मी त्याच दिवशी पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी मावशी परसात आल्या, वर पाहिलं आणि हसल्या. "आली काय लाईट? मना वाटला बिगारली."

"हो, बिघडली होती," मी म्हणालो.

त्यांनी चांगल्या हाताने मेथीची एक जुडी पुढे केली. मी ती घेतली, अण्णा. घरी नेली आणि खाल्लीही.

हे पत्र तुम्हाला पाठवता येणार नाही, याचं मला फारसं दुःख नाही. ज्यांना ते वाचून दाखवायला हवं त्या आत्ता दहा पावलांवर बसल्या आहेत, आणि मी बसचं दार लावून घेतलंय.