ड्रमला लावलेला हात

बाई, तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, तरी कुठलाही दवाखाना तपासायला गेले की मी आधी वाफेवर औजारं निर्जंतुक करायच्या ड्रमला हाताची पाठ लावते. सवय तुमचीच. गोंदियातल्या तुमच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात मी नवी नर्स होते, ड्रम न तपासताच टेबलावर ठेवला, आणि तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, “काऊन, हात मोडला का तुझा? गरम आहे का थंड, पाह्यलं का?” माझा हात धरून ड्रमला टेकवलात. चटका बसला. दुपारी आत स्वयंपाकघरात नेऊन तुम्हीच मलम लावलंत आणि भात वाढलात.

पुढे मला दवाखाने तपासायची सरकारी नोकरी लागली आणि एक दिवस तुमच्याच दारात दवाखाना बंद करायचा आदेश घेऊन उभी राहिले. तुमच्याकडे बाळंत झालेल्या कामठ्याच्या एका सुनेच्या टाक्यांत पू झाला होता, नागपूरला तिची गर्भपिशवी काढावी लागली. पेशंटच्या जिवाला धोका असला तर नोटिशीची वाट न पाहता सरकार त्याच दिवशी दवाखाना रिकामा करून सील लावू शकतं. मी ड्रमला हात लावला. गार. वर निर्जंतुक केल्याच्या पट्टीवर मात्र तुमच्या अक्षरात त्याच दिवसाची तारीख. लोडशेडिंगची वर्षं ती. लाइट जायची, वाफेचं मशीन मधेच बंद पडायचं आणि तुम्ही तशाच औजारांवर चालवून घेत होतात. मला तुमचा फार राग आला.

तीन बाळंतिणी हलवायच्या होत्या. मुर्रीच्या एकीची सासू अडून बसली, “कायले नेऊन राहिले हिले? आमाले बाईच पायजे.” तुम्ही तिला म्हणालात, “ने हिले. इथं बराबर नाही आता.” आणि बाळ स्वतः उचलून अँब्युलन्समध्ये दिलंत.

मी कुलपावर लाख ओतते आहे, तुम्ही शेजारी उभ्या. “मागच्या साली तूच आली होतीस ना तपासणीले? तवा कसा होता ड्रम?”

“गरम होता, बाई.”

 मागच्या साली तपासणीच्या दिवशीही सकाळपासून लाइट नव्हती, हे दोघींना ठाऊक होतं. “बरं,” म्हणालात आणि चष्मा पुसत राहिलात.

आता थकले मी. हा कागद जुन्या फायलींत जाईल, दुसरीकडे कुठे पाठवणार? त्या आधीच्या तपासणीला मी ड्रमला हात लावलाच नव्हता. तुम्ही चहा केलात, घरची चौकशी केलीत, आणि तुमच्यासमोर तुमचाच ड्रम तपासायची मला लाज वाटली. सही करून निघाले. कामठ्याची सून त्यानंतर तुमच्याकडे आली.