ताईच्या कुंडीतल्या अळ्या

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सलून बंद केल्यापासून दर रविवारी मी जंगलात कामाला जातो, हे तुला ठाऊकच आहे. झुडपं छाटून जमिनीवर ऊन पोचवायचं, म्हणजे फुलपाखरांना हवी ती रोपं वाढतात. पण चाळीस वर्षं लोकांची डोकी भादरलेला हात! परवा आमच्या प्रमुख मॅडमची पाठ वळताच मी एक तुकडा असा चकाचक केला, की एक काडी वर दिसेना. शाबासकीची वाट बघत उभा राहिलो, तर मॅडम मटकन खालीच बसल्या. तिथल्या पिवळ्या फुलांच्या रोपांवर निळ्या फुलपाखरांची अंडी होती. या जंगलात ती दुसरीकडे कुठेच नाहीत. त्या रागावल्या नाहीत, फक्त माझ्या हातातली कात्री काढून घेतली.

ताई, फार लाज वाटते. आता तिकडे फिरकणार नाही.

तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

माझ्या बाहुलीचं टक्कल केलंस, तेव्हाही असाच तोंड लपवून बसला होतास. घरात बसून काय भिंतींची हजामत करणार आहेस?

तू महिन्यापूर्वी दिलेल्या त्या पिवळ्या फुलांच्या कुंडीत अळ्या झाल्यात. मला किती किळस येते, माहीत आहे ना? शनिवारी शेजारीण औषध फवारून देणार आहे.

जिवाला जप.

तुझी,
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फवारू नकोस! तुझ्या पाया पडतो. ते रोप मी त्याच तुकड्यातून, कुणाला न विचारता उपटून आणलं होतं.

धाकटा

१६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा शेजारीण पंप घेऊन दारातच उभी होती. तिला चहा पाजून परत पाठवली.

अकरा आहेत. डोळे किलकिले करून मोजल्या. रविवारी पहिल्या बसने कुंडी मांडीवर घेऊन येते. चोरीचं मात्र मॅडमना तूच सांगायचंस.

तुझी शूर,
ताई

२० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मॅडमना चोरी सांगून तुझी कुंडी जिथे रिकामी केली, तिथे काल ऊन पडलं होतं. मॅडमनी मला हाक मारली. निळी फुलपाखरं! सात मोजली, पुढची डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसेनात. मॅडमनी माझी कात्री माझ्या हातात दिली.

मी ती पिशवीत ठेवली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिलो.

लोभ आहेच. यापुढे अळ्यांवरही असू दे.

तुझा,
धाकटा